खपल्या, खाज आणि खरखरीत जीभ

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये मांजरांच्या त्वचेविषयीचे प्रश्न इतके आहेत की संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे लागले. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमची मांजरी चार वर्षांची असून ती कधीही घराबाहेर जात नाही. गेल्या दीड महिन्यापासून तिच्या मानेवरून आणि शेपटीच्या बुडाशी हात फिरवला की बारीक, खडबडीत दाणे बोटांना लागतात. केस बाजूला केल्यावर तिथे लहान लहान खपल्या दिसतात. ती सारखी अंग चाटत असते. पिसवा असतील असे एका परिचितांनी सुचवले, परंतु आम्ही भिंग घेऊन पाहिले तरी एकही पिसू सापडली नाही. मग हे काय असावे आणि खपल्यांवर कोणते मलम लावावे?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. कोणतेही मलम लावू नका. मांजराच्या अंगावर आपण जे काही लावतो ते पाच मिनिटांत त्याच्या पोटात जाते, त्यामुळे त्वचेवर लावायचे औषध आणि तोंडाने द्यायचे औषध हा भेद मांजराच्या बाबतीत फारसा उरतच नाही.

आपण वर्णन केलेल्या दाणेदार खपल्यांना वैद्यकीय भाषेत ‘मिलियरी डर्मटायटिस’ म्हणतात. राळ्याच्या दाण्यांवरून हे नाव पडले आहे आणि ते अगदी समर्पक आहे, कारण या खपल्या डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना कळतात. मात्र हे कोणत्याही एका रोगाचे नाव नाही. पिसवा, सूक्ष्म किडे, बुरशी, जिवाणूंचा संसर्ग, आहारातील एखादा घटक, हवेतील धूलिकण अशा अनेक कारणांनी मांजराची त्वचा नेमकी अशीच उठते. त्यांतले सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे पिसवांच्या लाळेची ॲलर्जी. ही ॲलर्जी असलेल्या मांजराला अंगभर पिसवा असण्याची गरज नसते. मोजक्या चाव्यांनीही त्याची खाज पेटते आणि ती पुढे अनेक दिवस शमत नाही.

पिसू सापडली नाही, एवढ्यावरून पिसवा नाहीत असा निष्कर्ष मी काढणार नाही. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले, नखांसारखे कठीण काटे असतात आणि त्या जिभेने ते दिवसाचा मोठा भाग अंग विंचरत असते. ज्याला खाज अधिक ते अधिक चाटते, आणि जे अधिक चाटते त्याच्या अंगावर पिसवा कमी सापडतात. म्हणजे ज्या मांजराला पिसवांचा सर्वाधिक त्रास, त्याच्याच अंगावर त्यांचा पुरावा सर्वांत कमी मिळतो. म्हणून पिसू शोधण्याऐवजी तिची विष्ठा शोधावी. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या बुडाशी आणि मानेवर केस विंचरा. फणीत जे काळे कण अडकतील ते ओल्या पांढऱ्या कागदावर किंवा कापसावर झटका आणि एक-दोन मिनिटे थांबा. ती साधी धूळ असेल तर कण काळेच राहतील. ती पिसवांची विष्ठा असेल तर प्रत्येक कणाभोवती तांबूस-तपकिरी वलय पसरेल, कारण ते पचलेले रक्त असते. ही परीक्षा नकारात्मक आली तरी पिसवांची शक्यता पूर्णपणे संपत नाही. ती सकारात्मक आली, तर मात्र शंकेला जागा उरत नाही.

घराबाहेर न जाणाऱ्या मांजराला पिसवा कुठून मिळतात, ही शंका रास्त आहे. दुसरा पाळीव प्राणी, घरात शिरणारे उंदीर, क्वचित माणसांचे कपडे अशा वाटांनी त्या येतात आणि एकदा आल्या की घरातच मुक्काम ठोकतात. पिसूची मादी भरात असताना दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते. ही अंडी गुळगुळीत असल्यामुळे केसांवरून घरंगळून जमिनीवर, अंथरुणावर आणि फटींमध्ये पडतात. ढोबळमानाने असे मानतात की एखाद्या घरातील पिसवांच्या एकूण वस्तीपैकी जेमतेम ५ टक्के प्रौढ पिसवा प्राण्याच्या अंगावर असतात आणि उरलेला सारा संसार अंडी, अळ्या व कोश यांच्या रूपाने घरभर पसरलेला असतो. कोशावर कीटकनाशकांचा फारसा परिणाम होत नाही. तो कित्येक महिने निपचित पडून राहू शकतो आणि जवळपास हालचाल, ऊब किंवा श्वासातील कार्बन डायऑक्साइड जाणवला की त्यातून पिसू बाहेर पडते.

उपचार अर्धवट सोडले जातात ते नेमके इथेच. औषध घातल्यावर तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पिसू दिसते आणि ‘औषध लागू पडले नाही’ असे म्हणून घरातील लोक ते बंद करतात. वास्तविक ती पिसू जुन्या कोशातून नव्याने निघालेली असते. म्हणून घरातील सर्व मांजरांवर आणि कुत्र्यांवर, ज्यांना खाज नाही त्यांच्यावरसुद्धा, पशुवैद्यांनी वजन पाहून दिलेले औषध किमान तीन महिने एकही पाळी न चुकवता वापरावे. अंथरुणे ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुवावीत. व्हॅक्यूम क्लीनर सोफ्याखाली आणि भिंतीच्या कडांनी फिरवावा, व त्यातला कचरा लगेच घराबाहेर न्यावा.

मानेवर थेंब टाकायचे औषध असेल तर ते केसांवर सांडून चालत नाही. मांजराचे डोके किंचित खाली झुकवावे, कवटीच्या खाली जिथे जीभ पोहोचत नाही तिथे केसांना भांग पाडून त्वचा उघडी करावी आणि नळीचे टोक त्वचेला टेकवून औषध सोडावे. दुसऱ्या दिवशी त्या जागी केस चिकट व टोकदार दिसले तर घाबरू नये. तोंडाला फेस आला तर बहुधा औषध चाटले गेले असून त्याची चव कडू आहे एवढाच त्याचा अर्थ असतो, तरीही डॉक्टरांना दूरध्वनी करून विचारावे. गुदद्वाराभोवती काकडीच्या बीसारखे पांढरे तुकडे दिसले तर तेही सांगावे. स्वतःला चाटताना पिसू गिळली गेल्यामुळे मांजराला पट्टकृमी होतात आणि त्यांचे औषध वेगळे असते.

दोन-तीन महिने इमानाने हे सर्व करूनही खपल्या येतच राहिल्या, तर त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, केसांची तपासणी आणि बुरशीची चाचणी या मार्गाने पुढे जावे लागेल. खाज असह्य असेल तर या चाचण्यांसाठी तितके थांबण्याचेही कारण नाही.

प्रश्न : कुत्र्यासाठी आणलेले पिसवांचे औषध घरात शिल्लक आहे. मांजराचे वजन कुत्र्याच्या पाव आहे, तर औषधही पाव घातले तर चालेल का?

उत्तर : नाही. या एका चुकीमुळे झटके येत असलेली मांजरे मी टेबलावर पाहिली आहेत आणि त्यांतली सगळी वाचली नाहीत, म्हणून हे उत्तर थोडे कठोर वाटले तरी चालेल. कुत्र्यांच्या अनेक औषधांमध्ये पर्मेथ्रिन नावाचे कीटकनाशक असते. कुत्र्याचे शरीर ते पचवते, परंतु ज्या रासायनिक प्रक्रियेने यकृत अशी द्रव्ये बाहेर टाकते ती प्रक्रिया मांजरात फार दुबळी असते, आणि म्हणून पाव मात्रासुद्धा जीवघेणी ठरू शकते. काही तासांत कान व चेहरा थरथरू लागतो, मग सर्व अंगाला कंप सुटतो आणि त्यानंतर झटके येतात. असे औषध चुकून घातले गेले असेल तर मांजराला कोमट पाण्याने आणि भांडी धुण्याच्या सौम्य द्रव साबणाने धुवावे, टॉवेलात गुंडाळून उबेत ठेवावे आणि लक्षणे दिसण्याची वाट न पाहता औषधाच्या वेष्टनासह दवाखान्यात न्यावे. घरात दोन्ही प्राणी असून ते एकमेकांना चाटत किंवा बिलगून झोपत असतील, तर कुत्र्यासाठीही पर्मेथ्रिन नसलेले औषध मागून घ्यावे.

माणसांच्या कपाटातील पुष्कळ वस्तूंचीही गत हीच आहे. खरजेवर लावायचे बेन्झिल बेन्झोएट, टी ट्री तेल, जखमा धुण्याची पाण्यात पांढरी होणारी जंतुनाशके, सॅलिसिलिक ॲसिड असलेली मलमे, झिंक ऑक्साइडची मलमे यांपैकी काहीही मांजराच्या अंगाला लावू नये. दुखते आहे म्हणून पॅरासिटामॉल तर मुळीच देऊ नये, कारण ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी आम्ही एक पिल्लू आणले. त्याच्या कानामागे आणि पुढच्या पायावर केस गेलेले गोल चट्टे असून त्यांवर राखाडी कोंडा दिसतो. पिल्लू खाजवत नाही. आता मुलीच्या हातावर लालसर कडा असलेले गोल वर्तुळ उठले आहे. दोन्हींचा संबंध असेल का?

उत्तर : बहुधा असेल. हा नायटा दिसतो, ज्याला गजकर्णही म्हणतात. तो बुरशीमुळे होतो आणि मांजरांमध्ये बहुतेक वेळा त्यामागे मायक्रोस्पोरम कॅनिस ही जात असते. या नावात कुत्र्याचा उल्लेख असला तरी तिचे हक्काचे घर मांजरच आहे. मुलीला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्यावे आणि घरात मांजराचे पिल्लू असल्याचे त्यांना आवर्जून सांगावे. दुकानातून परस्पर आणलेले, स्टेरॉइड मिसळलेले मलम तिला लावू नये. त्याने लाली जाते, पण बुरशी पसरत राहते.

पिल्लाची तपासणी करताना डॉक्टर वूड्स लॅम्प नावाचा दिवा वापरतील. त्याच्या प्रकाशात बाधित केस हिरवट चमकतात, परंतु प्रत्येक वेळी चमकतातच असे नाही आणि धाग्यांचे तंतूही चमकून फसवतात. त्यामुळे केस उपटून त्यांचे कल्चर करणे, म्हणजे त्यांवरील बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहणे उत्तम, जरी त्याचा अहवाल यायला दोन-तीन आठवडे लागत असले तरी. उपचार दुहेरी असतात. पोटातून बुरशीरोधक औषध द्यावे लागते, जे अनेकदा एक आठवडा देऊन एक आठवडा बंद अशा पाळ्यांनी दिले जाते, आणि त्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा औषधी द्रावणाने अंग भिजवावे लागते. त्यातल्या एका द्रावणाला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, तेवढा सहन करावा. चट्टे भरून आले म्हणजे रोग गेला असे समजू नये. पुन्हा कल्चर करून ते नकारात्मक आल्यावरच औषध थांबवतात.

घर साफ करताना सर्वांत महत्त्वाचे काम केस गोळा करण्याचे असते, कारण बुरशीचे बीजाणू त्या गळलेल्या केसांवरच असतात. पिल्लाला सहज पुसता येईल अशा एका खोलीत ठेवावे. पण तिथे त्याला एकटे पाडू नये, कारण माणसांची सवय लागण्याचे त्याचे वय हेच आहे. जुने कपडे घालून आणि हातमोजे चढवून त्याच्याशी जरूर खेळावे.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा पांढरा बोका रोज उघड्या खिडकीत उन्हाला बसतो. त्याच्या एका कानाच्या टोकावर चार महिन्यांपासून खपली आहे. ती पडते, थोडे रक्त येते आणि पुन्हा धरते. त्याला खाज नाही, जेवणही उत्तम आहे. जखम लहान असल्यामुळे थांबावे का?

उत्तर : थांबू नये. या आठवड्यातच दाखवावे.

पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकावर, नाकावर आणि पापण्यांवर केस विरळ असतात आणि त्वचेत रंगद्रव्य नसते, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या उन्हाने तिथे स्क्वेमस सेल कार्सिनोमा हा कर्करोग होऊ शकतो. सुरुवातीला तो अगदी आपण लिहिता तसाच, न खाजणाऱ्या आणि न भरणाऱ्या खपलीसारखा दिसतो. निदान बायॉप्सीनेच, म्हणजे त्या जागेचा लहान तुकडा काढून तपासल्यानेच होते. तो कर्करोग निघालाच तर कानाची पाळी निरोगी कडेसह कापून टाकतात. हे ऐकून पालक हादरतात, पण ऐकण्याचे यंत्र आत असते. पाळी गेलेले मांजर पूर्वीसारखेच ऐकते आणि आरशात पाहून दुःख करीत नाही. रोग लवकर हाती लागला तर शस्त्रक्रियेनंतर अशी मांजरे पुष्कळदा दीर्घकाळ चांगली राहतात. यापुढे भर दुपारचे ऊन मात्र टाळावे.

कानावरील प्रत्येक खपली कर्करोगाची नसते, हेही सांगितले पाहिजे. लूत हा किड्यांमुळे होणारा रोग कानाच्या कडेपासूनच सुरू होतो. त्यात जाड राखाडी पापुद्रे धरतात, चेहऱ्यावर पसरतात आणि खाज इतकी भयंकर असते की मांजर स्वतःला रक्तबंबाळ करते. दोन्ही कान, नाक आणि नखांची मुळे यांवर एकदमच खपल्या आल्या तर रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटल्याची शंका येते. आपल्या बोक्याची एकच, न खाजणारी आणि चार महिने जुनी खपली या दोन्हींत बसत नाही, म्हणून मी घाई करतो आहे.

प्रश्न : आमच्या मांजराला मानेवर आणि गालांवर भयंकर खाज येते. पिसवांचे औषध वर्षभर नियमित चालू आहे. एका दवाखान्यात दर दोन महिन्यांनी इंजेक्शन देतात, त्याने दहा दिवसांत सगळे भरून येते आणि नंतर पुन्हा मूळ पदावर येते. हे किती काळ चालवावे?

उत्तर : ते बहुधा दीर्घकाळ परिणाम करणारे स्टेरॉइड असावे. त्याने खाज थांबते, पण खाजेचे कारण तसेच राहते. एखाद्या वेळी ते समर्थनीय असते. वारंवार दिल्यास मात्र मांजराला मधुमेह होण्याचा धोका वाढतो, आणि एकदा टोचलेले औषध परत काढून घेता येत नाही. स्टेरॉइड द्यायचेच असेल तर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या बऱ्या, कारण त्यांची मात्रा हळूहळू उतरवता येते.

पिसवांचा बंदोबस्त खरोखर नियमित असेल, तर डोके व मान यांवर केंद्रित झालेली खाज आहाराच्या ॲलर्जीकडे बोट दाखवते. ती शोधण्यासाठी रक्ताची चाचणी विश्वासार्ह नाही. आठ आठवड्यांची आहार-परीक्षा हाच मार्ग आहे. या काळात मांजराने पूर्वी कधीही न खाल्लेल्या प्रथिनाचा, किंवा प्रथिनांचे अतिसूक्ष्म तुकडे केलेला, डॉक्टरांनी सुचवलेला आहार द्यायचा आणि त्याखेरीज काहीही द्यायचे नाही. दूध, खाऊ, चवदार गोळ्या, दुसऱ्या मांजराच्या वाडग्यातील उष्टे, सगळे बंद. माझ्या अनुभवात ही परीक्षा मांजर नापास करीत नाही, घरातील एखादा प्रेमळ सदस्य करतो. खाज कमी झाली तर जुना आहार मुद्दाम पुन्हा सुरू करून पाहावा लागतो. काही दिवसांत किंवा एक-दोन आठवड्यांत खाज परतली, तरच निदान पक्के होते. आहार बदलूनही फरक पडला नाही तर वातावरणातील ॲलर्जी उरते. ती पूर्ण बरी होत नसली तरी सायक्लोस्पोरिनसारख्या औषधांनी आटोक्यात राहते. इंजेक्शनचा परिणाम ओसरल्यानंतरच परीक्षा सुरू करावी, नाहीतर श्रेय कोणाला द्यायचे ते कळणार नाही.

प्रश्न : मांजराच्या हनुवटीवर काळे ठिपके आणि बारीक खपल्या आहेत. ही पिसवांची घाण आहे का?

उत्तर : ओल्या कागदावर तांबूस वलय आले नाही, तर ती मुरमे समजावीत. हनुवटीच्या तैलग्रंथी तुंबल्याने ती येतात. प्लास्टिकचे वाडगे बदलून स्टीलचे किंवा काचेचे ठेवावेत आणि ते रोज घासावेत. ठिपके पिळू नयेत. हनुवटी सुजली किंवा पू आला तर डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : डॉक्टरांकडे नेण्यापूर्वी मांजराला आंघोळ घालून खपल्या काढाव्यात का?

उत्तर : दोन्ही करू नये. खपलीखालची त्वचा भरत असते आणि तपासणीसाठी लागणारे किडे, बुरशी व पेशी त्या खपलीतच सापडतात. आंघोळीने तो पुरावा वाहून जातो. खपली ओढल्याने नवी जखम होते, आणि ती मांजर अधिक चाटते. चाटणे अनावर झाले असेल तर भेटीपर्यंत गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालावी, मात्र तिच्यासह मांजराला खाता-पिता येते आहे याची खात्री करावी.

खपलीभोवती गरम सूज असून तिथून दुर्गंधी येत असेल, तर दुसऱ्या मांजराच्या चाव्याने आत पू झाला असण्याची शक्यता असते. त्या वेळी भेटीची ठरलेली तारीख सोडून त्याच दिवशी जावे. एक दिवसाहून अधिक काळ काहीच न खाणाऱ्या मांजरालाही त्वचेसाठी थांबवून ठेवू नये, कारण उपासाने त्याच्या यकृताला गंभीर इजा होते.

भेटीला जाताना खपल्या प्रथम दिसल्या त्या दिवसापासूनची तारीखवार छायाचित्रे, आतापर्यंत वापरलेल्या प्रत्येक औषधाचे आणि शाम्पूचे वेष्टन, तसेच आहाराच्या पाकिटावरील घटकांची यादी सोबत न्यावी. अंगावरचे काळे कण आणि गळलेले केस पारदर्शक चिकटपट्टीवर घेऊन ती एका स्वच्छ पिशवीत बंद करून आणली, तर फारच उत्तम.